‘वेस्ट’ शब्दाचे चार अर्थ : गोंधळाच्या इंग्रजी शब्दांवरील पुस्तकांची मराठी अध्यापनाच्या दृष्टीने चिकित्सा

प्रास्ताविक

इंग्रजीतील गोंधळात टाकणारे शब्द, वाक्प्रयोग आणि त्यांचा वापर यांवरील पुस्तकांना मुंबईच्या उपनगरांत कायम मागणी राहिली आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली स्थानकाबाहेरच्या विक्रेत्याकडे स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांशेजारी ती हमखास मांडलेली असतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातही त्यांची पाने सर्वांत आधी सुटतात. या पुस्तकांची रचना बहुधा ठरलेली आहे. शब्दांच्या जोड्या वर्णानुक्रमे दिलेल्या असतात, प्रत्येक जोडीखाली एकेक वाक्य असते आणि शेवटी स्वाध्याय असतो. मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष वाणिज्य वर्गात ‘बिझनेस कम्युनिकेशन’ हा विषय अनेक वर्षे शिकवला गेला. तो शिकवणाऱ्या अध्यापकांना या याद्या चांगल्या परिचयाच्या आहेत.

प्रस्तुत लेखात या पुस्तकांची चिकित्सा करताना एकच प्रश्न मध्यवर्ती ठेवला आहे : या याद्यांमध्ये नोंदवलेला गोंधळ नेमका कोणाचा आहे? मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ज्या ठिकाणी अडखळतो ती ठिकाणे या याद्यांत क्वचितच सापडतात. उलट ज्या ठिकाणी त्याची अडचण मुळातच कमी आहे तिथे मात्र पानेच्या पाने खर्ची पडलेली दिसतात. हा दोष संपादनातील हयगयीचा नाही. या याद्या ज्या भाषकांच्या चुकांवरून तयार झाल्या, ते भाषकच वेगळे होते.

याद्यांचे मूळ

एच. डब्ल्यू. फाउलर यांचा ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज’ हा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे आणि ज्यांना ती नेटकी लिहायची आहे, अशा वाचकांसाठी तो होता. त्यातील बारकावे, ‘दॅट’ आणि ‘विच’ यांच्यातील निवड असो वा विभक्त क्रियारूपाचा वाद, आधीच अस्खलित असलेल्या लेखकाचे आहेत. त्यानंतर १९३०च्या दशकात पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचे व्याकरण आले आणि भारतीय वर्गखोल्यांत अक्षरशः ठाण मांडून बसले. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. जगाला मात्र ते ‘बो जेस्ट’ (१९२४) या साहसकादंबरीचे लेखक म्हणून ठाऊक आहेत. या व्याकरणाचे हक्क ज्या माणेकजी कूपर एज्युकेशन ट्रस्टकडे आले, त्या न्यासाची शाळा जुहूला आहे. म्हणजे ग्रंथ लंडनच्या छायेत लिहिला गेला असला तरी त्याचा संसार मुंबईचाच.

टी. जे. फिटिकाइडीस यांच्या ‘कॉमन मिस्टेक्स इन इंग्लिश’ (१९३६) या पुस्तकाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. नेहमीच्या चुकांचा कोश म्हणून ते आजही भारतात वाचले जाते. त्याचे लेखक सायप्रसमधील निकोशिया येथे इंग्रजीचे अध्यापक होते. त्यांच्यासमोर बसलेले विद्यार्थी ग्रीक भाषक होते. त्या मुलांची मातृभाषा जिथे इंग्रजीशी झगडली तिथल्या चुका त्यांनी टिपल्या आणि हे काम त्यांनी चोख केले, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की निकोशियाच्या वर्गातील चुकांची यादी मुलुंडच्या वर्गाला किती लागू पडावी? काही चुका समान निघतात, कारण इंग्रजीच्या काही अडचणी साऱ्या जगाला सारख्याच पडतात. परंतु उरलेल्या चुकांविषयी पुस्तक काही बोलू शकत नाही.

रॉबर्ट लाडो यांनी ‘लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स’ (१९५७) मध्ये मातृभाषा आणि लक्ष्यभाषा यांची तुलना करूनच अध्यापनसाहित्य रचावे, असा आग्रह धरला. योगायोगाने त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘वर्ड’ या नियतकालिकात डॉ. अशोक केळकर यांचा मराठी भाषकांच्या इंग्रजी उच्चारांवरील अभ्यास ‘मराठी इंग्लिश’ या शीर्षकाने प्रसिद्ध झाला. म्हणजे मराठी माणूस इंग्रजी बोलताना कोणती ध्वनिव्यवस्था सोबत आणतो, हा विषय शास्त्रीय चर्चेत येऊन सहा दशके उलटून गेली आहेत. बाजारातील पुस्तकांत मात्र त्याचा मागमूसही आढळत नाही.

देवनागरीची कसोटी

गोंधळाचे स्वरूप ओळखण्यासाठी एक साधी कसोटी वापरता येईल. इंग्रजी शब्दांची जोडी देवनागरीत लिहून पाहावी. ‘स्टेशनरी’ हा शब्द घेतला तर ‘स्थिर’ आणि ‘लेखनसाहित्य’ या दोन्ही अर्थांचे शब्द देवनागरीत एकरूप होतात. ‘प्रिन्सिपल’ (प्राचार्य आणि तत्त्व) व ‘कॉम्प्लिमेंट’ (प्रशंसा आणि पूरक) यांचेही तसेच. परंतु हे शब्द इंग्रज माणसाच्या तोंडीही एकसारखेच, किंवा जवळजवळ एकसारखे, उच्चारले जातात. येथे गोंधळ केवळ वर्णलेखनाचा आहे. ‘देअर’ या उच्चाराची तीन वेगवेगळी लेखनरूपे इंग्रज मुलाला छळतात, कारण तो भाषा आधी कानाने शिकतो आणि नंतर लिहितो. मराठी शाळेतील मुलाने मात्र दीर्घकाळ इंग्रजी फळ्यावरून आणि पाठ्यपुस्तकातून, म्हणजे डोळ्यांनी, शिकले. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्यापूर्वी ते पाचवीपासून होते. डोळ्यांनी शिकणाऱ्याला अशा जोड्या तुलनेने कमी फसवतात. (भ्रमणध्वनीवर इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या पिढीबाबत हे विधान कदाचित बदलावे लागेल.) तरीही प्रश्नपत्रिकांचा सारा भर याच जोड्यांवर असतो. त्या तपासायला सोप्या असतात, हे त्याचे एक उघड कारण.

आता दुसरा शब्द पाहू. ‘अंधेरी वेस्ट’ हे उपनगरातील मुलाच्या जिभेवर दिवसातून अनेकदा येणारे शब्द. देवनागरीतील ‘वेस्ट’मध्ये इंग्रजीचे चार स्वतंत्र शब्द सामावतात : पश्चिम दिशा, वाया जाणे, कंबर आणि बनियन. इंग्रज कानाला यांपैकी फक्त ‘वाया जाणे’ आणि ‘कंबर’ हे दोन शब्द समोच्चारी वाटतात. उरलेले दोन पूर्णपणे निराळे आहेत. मराठीत असे का होते? इंग्रजीत ओठ गोल करून उच्चारायचा आणि खालचा ओठ दातांना टेकवून उच्चारायचा असे दोन ध्वनी आहेत. मराठीत त्या दोहोंसाठी एकच ‘व’ आहे. तसेच इंग्रजीतील आखूड ‘ए’ आणि ‘इ’कडे सरकणारा लांब ‘ए’ यांचा भेद मराठी स्वरव्यवस्थेत नाही. आपला ‘ए’ एकच. या दोन कारणांच्या गुणाकारातून एका शब्दाला चार अर्थ चिकटतात.

हे एकदा ध्यानात आले की उदाहरणांची रांगच लागते. ‘टेस्ट’ म्हणजे चाचणी आणि चवही. ‘पेन’ म्हणजे लेखणी आणि वेदना. ‘डेट’ म्हणजे तारीख आणि ऋण. ‘लेट’ म्हणजे उशीर आणि मुभा देणे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘डेट’मधील भेद कळला नाही तर ऋणपत्रांवरचे अख्खे प्रकरण त्याला तारखांचे वाटू लागेल, हा विनोद नव्हे. ‘सेल’ची गोष्ट आणखी गमतीची आहे. विक्री, विकणे, पेशी, कोठडी आणि घड्याळातील विद्युतघट असे सारे त्यात दडलेले आहे. त्यांपैकी ‘विक्री’ आणि ‘विकणे’ यांची सरमिसळ मराठी विद्यार्थ्याच्या लेखनात वारंवार दिसते. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या यादीत ‘टेस्ट’ची जोडी असण्याचे कारणच नाही, तिथे ती कोणालाही गोंधळात टाकत नाही.

मराठीने काही भेद मात्र जाणीवपूर्वक सांभाळले आहेत. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतील स्वर मराठीत मुळात नव्हते. लिपीने त्यांच्यासाठी चिन्हे घडवली आणि २००९ च्या शासननिर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. म्हणून ‘मॅन’ आणि ‘मेन’ यांत मराठी विद्यार्थी सहसा अडखळत नाही. ‘थ’, ‘द’, ‘ट’, ‘ड’ हे चारही वर्ण हाताशी असल्यामुळे युरोपीय विद्यार्थ्यांना जाचणाऱ्या कित्येक जोड्याही त्याला सहज जमतात. पुस्तकांत त्या जोड्यांवर मात्र भरपूर स्वाध्याय असतात.

ऱ्हस्व-दीर्घाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. मराठीत इकार आणि उकार यांचे ऱ्हस्वत्व-दीर्घत्व बहुतेक वेळा शब्दातील स्थानावरून ठरते. अर्थभेदासाठी त्याचा उपयोग अपवादानेच होतो. अकारान्त शब्दांतील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा, हा मराठी साहित्य महामंडळाचा नियम (गरीब, वकील, फूल) याच प्रवृत्तीवर उभा आहे. साहजिकच ‘भरणे’ आणि ‘वाटणे’ या अर्थांचे ‘फिल’ व ‘फील’ मराठी तोंडी एक होतात. ‘शिप’ आणि ‘शीप’चेही तेच. मात्र भाषा अशा वेळी स्वतःच उपाय शोधते. मूर्ख या अर्थाचा ‘फूल’ आणि भरलेला या अर्थाचा ‘फुल’ वेगळे राखण्यासाठी मराठीने लकाराचे द्वित्व केले. नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर ‘हाउसफुल्ल’ लिहिले जाते ते अडाणीपणाने नव्हे. व्यवस्थेने ऱ्हस्वत्व टिकवण्यासाठी केलेली ती तडजोड आहे.

एका अक्षराची किंमत

या ऱ्हस्व-दीर्घाचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण उपनगरांत प्रत्येक घरदलालाच्या पाटीवर पाहायला मिळते. ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारातील पहिला शब्द कित्येक ठिकाणी ‘राहणे’ या अर्थाच्या शब्दाच्या इंग्रजी वर्णलेखनात लिहिलेला आढळतो. राहण्यासाठी केलेला करार म्हणून ‘लिव्ह’, असा अर्थही लोकांनी मनोमन बसवून घेतला आहे. वास्तविक तो शब्द ‘लीव्ह’ आहे; आणि त्याचा अर्थ विद्यार्थ्याला माहीत असलेली ‘रजा’ही नाही, ‘सोडून जाणे’ही नाही. तेथे तो ‘अनुमती’ या जुन्या अर्थाने येतो. एका शब्दापाशी येथे दोन गोंधळ एकत्र आले आहेत. एक कानाचा, दुसरा अर्थाचा.

हा केवळ वर्णलेखनाचा काथ्याकूट मानता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने अनुमतीने राहणारा परवानाधारक आणि भाडेकरू या भिन्न व्यक्ती आहेत. परवानाधारकाला जागेत हितसंबंध मिळत नाही, केवळ वापराची परवानगी मिळते. तो देतो ती रक्कमही कायद्याच्या भाषेत भाडे नसते, परवाना शुल्क असते. या भेदाचे मोल मुंबईने अनुभवले आहे. मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात १९७३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराखाली ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. एका शब्दाच्या जागी दुसरा आला आणि घरमालक व रहिवासी यांचे नातेच बदलले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने असे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. म्हणजे बोरिवलीत खोली घेणाऱ्या, मराठी माध्यमातून पदवीधर झालेल्या तरुणाला हा दस्तऐवज स्वाक्षरीसाठी समोर येणारच. शब्दयुग्मांच्या पुस्तकांत मात्र ही जोडी आलीच, तर ‘राहणे’ व ‘सोडणे’ एवढ्या अर्थांनी येते. ज्या अर्थाने ती त्याच्या आयुष्यात येणार, तो अर्थ गाळलेला असतो.

अर्थाच्या सीमा

‘भाडे’ हा शब्द येथे आला आहेच, तर त्याच्याकडे थोडे थांबून पाहणे योग्य ठरेल. मराठीत खोलीचे भाडे, रिक्षाचे भाडे, मंडपाच्या खुर्च्यांचे भाडे असा एकच शब्द चालतो. रिक्षाचालक तर प्रवाशालाही ‘भाडे’ म्हणतो आणि ‘भाडे नाकारणे’ हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतही रुळला आहे. इंग्रजीने याच क्षेत्राचे ‘रेंट’, ‘फेअर’ आणि ‘हायर’ असे तुकडे केले आहेत. मराठी विद्यार्थी ‘रिक्षाचा रेंट’ लिहितो तेव्हा त्याला दोन इंग्रजी शब्दांत गोंधळ झालेला नसतो. त्याने एक मराठी शब्द घेतलेला असतो आणि त्याला पहिला सापडलेला इंग्रजी प्रतिशब्द वापरलेला असतो. ‘फेअर’ची जोडी पुस्तकात असते, पण ती ‘जत्रा’ किंवा ‘न्याय्य’ या अर्थांशी लावलेली. त्याच्या चुकीला ती यादी स्पर्शच करत नाही.

शब्दयोगी अव्ययांमध्ये ही अडचण अधिक खोलवर जाते. ‘पाच वाजेपर्यंत थांबा’ आणि ‘पाच वाजेपर्यंत अर्ज द्या’ या दोन वाक्यांत मराठीला ‘पर्यंत’ हे एकच अव्यय पुरते. पहिल्या वाक्यात क्रिया पाचपर्यंत चालू राहते. दुसऱ्यात ती पाचच्या आत केव्हाही एकदाच घडते. इंग्रजी येथे ‘टिल’ आणि ‘बाय’ असा भेद करते. महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर ‘सबमिट टिल फाइव्ह’ अशा आशयाच्या सूचना आढळतात, आणि त्यांवर स्वाक्षरी विद्यार्थ्याची नसते. ‘पासून’चेही असेच. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’ या दोहोंत मराठीला काही फरक वाटत नाही. इंग्रजी मात्र आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ आणि कालावधीसाठी ‘फॉर’ वापरते. रेन व मार्टिन यांनी हा नियम सांगितला आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पाठही झाला. तरी चूक टिकून आहे, कारण नियम पाठ करताना ‘पासून’ या शब्दाचा उल्लेखच होत नाही. कोणत्या मराठी वाक्यापाशी सावध व्हायचे, हे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नसते.

‘आठवण’ हे नाम असेच फसवे आहे. आठवण असणे, आठवण करून देणे आणि एखाद्याची आठवण येणे यांसाठी इंग्रजीत तीन स्वतंत्र क्रियापदे आहेत. ‘रिमाइंड’च्या जागी ‘रिमेंबर’ पडते ते यामुळे. ‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ यांच्या बाबतीत तर मराठीचा भेद इंग्रजीशी छान जुळतो, तरी चूक होते. कारण ‘मला म्हणाला’ आणि ‘मला सांगितले’ या दोहोंत ‘ला’ प्रत्यय सारखाच लागतो. इंग्रजीत पहिल्यापूर्वी ‘टू’ लागतो, दुसऱ्यापूर्वी नाही. शब्दार्थ जाणणाऱ्या विद्यार्थ्यालाही येथे प्रत्यय दगा देतो.

अर्थात प्रत्येक चूक मातृभाषेच्या माथी मारणेही बरोबर नाही. एस. पी. कॉर्डर (१९६७) आणि लॅरी सेलिंकर (१९७२) यांच्या विवेचनानंतर शिकणाऱ्याची भाषा ही स्वतःचे नियम असलेली मधली व्यवस्था मानली जाते. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही रचना पाहा. मराठीत ‘मला दोन भाऊ आहेत’ असे साधे रूप आहे. त्यात अपूर्ण काळाचा लवलेशही नाही. मग ही चूक कोठून आली? ती मराठीतून आलेली नाही. आजूबाजूला ऐकू येणाऱ्या भारतीय इंग्रजीतून ती आली, असेच म्हणावे लागते.

चूक आणि वापर

याच भारतीय इंग्रजीला निसिम इझिकेल यांनी कवितेत स्थान दिले. विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात ते १९६१ ते १९७२ या काळात इंग्रजीचे विभागप्रमुख होते. ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही त्यांची कविता सर्वपरिचित आहे. त्यातील वक्त्याच्या अपूर्ण काळावर वर्गात हशा पिकतो. ही कविता सामान्य भारतीयाची टवाळी करते, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि इझिकेल यांचा कान केवळ दोष टिपणारा नव्हता. वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांची कविता इंग्रजीत आणणाऱ्या या कवीला दोन भाषांमधील अंतर आतून ठाऊक होते. अवघड बाब वेगळीच आहे. त्या वक्त्यावर हसणाऱ्या वर्गातील अर्धी मुले घरी तीच इंग्रजी बोलतात, आणि हशानंतर ती बोलेनाशी होतात.

पारू निहलानी, आर. के. टाँग आणि प्रिया होसाळी यांच्या ‘इंडियन अँड ब्रिटिश इंग्लिश’ (१९७९) या पुस्तिकेने भारतीय आणि ब्रिटिश वापर शेजारी शेजारी मांडले. ही मांडणी अध्यापकाला उपयोगी पडते, कारण तीत भेद आधी नोंदवला जातो, निवाडा नंतर होतो. बाजारातील पुस्तके मात्र ‘नेटिव्ह प्लेस’, ‘कझिन ब्रदर’, ‘पास आउट’ यांना थेट चुकांच्या रकान्यात टाकतात. चुलत, मामे, आते, मावस असे चार भेद बाळगणाऱ्या भाषेला ‘कझिन’ हा लिंगभेदही न सांगणारा शब्द तोकडा वाटला, तर नवल नाही. ‘मुलुंडला स्टे करतो’ म्हणणाऱ्याला मुंबईत प्रत्येक जण समजून घेतो. परदेशी श्रोत्याला मात्र तो तिथे चार दिवसांचा पाहुणा वाटेल. ‘सोसायटी’ या शब्दाने तर मुंबईत समाजाला मागे सारून सहकारी गृहनिर्माण संस्थेचा अर्थ घेतला आहे, आणि तो १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या आधाराने घेतला आहे. याला चूक म्हणण्याचे धाडस करण्यापूर्वी कोश पुन्हा उघडावा लागेल. ‘प्रीपोन’ एकेकाळी चुकांच्या यादीत अग्रभागी असे. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे आणि जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणांत अजूनही चूकच आहे.

वर्गातील व्यवहार

‘निष्काळजीपणा’ हा शेरा उत्तरपत्रिकांवर सर्रास आढळतो. ‘टेस्ट’, ‘टिल’, ‘प्रिन्सिपल’ आणि ‘पास आउट’ या चारही ठिकाणी तोच शेरा आणि तितकेच गुण वजा होतात. प्रत्यक्षात पहिली अडचण कानाची, दुसरी अर्थाची आणि तिसरी डोळ्यांची आहे; चौथ्या ठिकाणी तर चूकच नाही, श्रोता कोण एवढाच प्रश्न आहे. कानाच्या अडचणीला लेखी स्वाध्याय उपयोगाचा नाही, आणि ‘पर्यंत’चा उलगडा मराठी वाक्य फळ्यावर लिहिल्याशिवाय होणार नाही. इंग्रजीच्या तासाला मराठीचा उच्चारही वर्ज्य मानण्याची प्रथा येथे थेट आड येते.

दुसरी अडचण उपनगरांच्या भाषिक रचनेची आहे. घाटकोपर आणि मुलुंड येथील वर्गांत मराठीइतकेच गुजराती भाषक विद्यार्थी असतात. तेथे ‘ॲ’ आणि ‘ए’ यांचा भेद, जो मराठी विद्यार्थ्याला लिपीने बहाल केला आहे, तोच पुसट होतो. ‘स्नॅक्स’वरचे विनोद त्यातूनच जन्मले. हिंदी भाषक विद्यार्थ्याची ठेच आणखी तिसरीकडे लागते. म्हणून मराठी विद्यार्थ्यांसाठी नवी यादी करून ती साऱ्या वर्गावर लादणे म्हणजे निकोशियाचीच पुनरावृत्ती ठरेल. एका वर्गाच्या एका सत्रातील उत्तरपत्रिका समोर घेऊन, प्रत्येक चुकीशेजारी विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेतील वाक्य लिहीत गेल्यास त्या वर्गापुरती यादी तयार होते. हे काम कष्टाचे आहे आणि ते पुढच्या वर्षी पुन्हा करावे लागते. छापील पुस्तक त्यासाठी संदर्भ म्हणून जवळ असावे. फक्त त्याच्या पहिल्या पानावर ते कोणत्या भाषकांच्या चुकांवरून रचले आहे, याची नोंद प्रकाशकाने करायला हवी. आजवर अशी नोंद कोणी मागितलेली दिसत नाही.